टेप रडायला लागली की

ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या 1980 सालच्या अल्बममधलं पहिलं गाणं ड्रमच्या ठोक्यांनी सुरू होतं. ठोका पडतो, खोली दणाणते, आणि तो घुमारा विरत न जाता मध्येच तुटतो. ड्रमवर फिल कॉलिन्स होता. झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत, ही गॅब्रिएलची अट. ह्यू पॅडगॅम या ध्वनितंत्रज्ञाने घुमारा कॉम्प्रेसरने (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारं यंत्र) फुगवला आणि नॉइज गेटने (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र) कापला. ठोक्याइतकीच त्यानंतरची शांतता तिथे बोलते. जुन्या अल्बमची नवी आवृत्ती आली की मी आधी ती शांतता ऐकतो. सगळंच मोठ्याने वाजावं म्हणून ती भरून टाकली असेल, तर गाण्याचा जीव गेला.

गॅब्रिएल 1975 मध्ये जेनेसिस या बँडमधून बाहेर पडला. त्याचे पहिले चार अल्बम 1977, 1978, 1980 आणि 1982 मध्ये आले, चारही नुसत्या स्वतःच्या नावाने. बँड सोडून एकट्याने उभं राहू पाहणाऱ्या कलावंताचं हे काम जपायलाच हवं. पण तेव्हा गाणी चुंबकीय टेपवर साठवत, आणि टेपच्या इतिहासात नेमकी हीच वर्षं नाजूक आहेत.

टेप म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी, आणि ती भुकटी धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बाइंडर. गाणं भुकटीच्या चुंबकत्वात साठतं, पण त्याचं आयुष्य ठरवतो बाइंडर. त्या काळी स्टुडिओंमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या अँपेक्स 456 सारख्या टेपांचा बाइंडर हवेतलं पाणी शोषतो. पाण्याचे रेणू त्यातले एस्टर बंध तोडतात, लांब साखळ्यांचे तुकडे पडतात आणि पृष्ठभाग चिकट होतो. मग टेप यंत्राच्या हेडवरून, म्हणजे ती वाचणाऱ्या भागावरून, सरळ सरकत नाही. चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. या थरथरीतून कर्कश आवाज निघतो आणि भुकटी खरवडली जाते, म्हणजे गाणंच खरवडलं जातं.

हे मी ठाण्यात, नौपाड्यात डोळ्यांनी पाहिलं. शेजारचे काका तरुणपणी एका ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळायचे. 1981 मध्ये गडकरी रंगायतनला झालेल्या कार्यक्रमाचा त्यांचा स्पूल (टेपचं रीळ) आम्ही जुलैत लावला. मागे काळा लेप असलेली, चांगल्यातली टेप. दहा सेकंदांत किंचाळायला लागली. काकांनी झटकन यंत्र बंद केलं. "रडतेय रे ती," म्हणाले. हेडवर तपकिरी चिखल साचला होता. चाळीस पावसाळे खाडीची दमट हवा प्यालेली टेप ती.

उपाय ऐकायला भीतीदायक आहे: टेप शेकायची. साधारण 50 ते 55 अंश सेल्सिअसला, आठ तास किंवा जास्त. ओलावा निघून जातो आणि बाइंडर काही आठवड्यांपुरता पुन्हा भुकटी धरतो. तेवढ्यात ती वाजवून डिजिटल प्रत करून घ्यायची. मोठ्या कंपन्यांच्या तिजोरीतल्या मास्टर, म्हणजे मूळ, टेपांवरही हाच उपचार होतो. घरच्या ओव्हनमध्ये मात्र कोणी हे करू नये, तिथलं तापमान फार वरखाली होतं. शिवाय जुन्या ॲसिटेट टेपा शेकल्या तर वाया जातात. स्पूल उजेडासमोर धरा. कडेतून प्रकाश आरपार दिसला तर ती ॲसिटेट.

शेकून झालं की पुढचं काम सुईच्या टोकावरचं. सेकंदाला 38 सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर 15,000 हर्ट्झच्या सुराची एक लहर फक्त 25 मायक्रॉन जागा घेते, केसाच्या जाडीहून कमी. हेड किंचित तिरकं असलं की या बारीक लहरी पुसट होतात. म्हणून डाव्या-उजव्या बाजूंचे आवाज एकत्र करून, कान देऊन, हेडचा स्क्रू तसूतसूने फिरवतात. वरचे सूर उजळले की थांबायचं. हे न करता केलेली प्रत कितीही महागड्या यंत्रावर केलेली असो, ती मंदच वाजते.

पुढे गॅब्रिएलच्या या अल्बमच्या नव्या तबकड्याही निघाल्या, हाफ-स्पीड पद्धतीने कापलेल्या. यात ध्वनिमुद्रण आणि तबकडी कापणारं यंत्र दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. 15,000 हर्ट्झचा सूर कापताना 7,500 चा होतो. तेवढीच नागमोडी खाच कोरायला सुईला दुप्पट वेळ मिळतो आणि लागणारं त्वरण (वेग बदलण्याचा दर) चौथाई होतं. त्यामुळे तीव्र सूर स्वच्छ उमटतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वात मोलाची गोष्ट वेगळीच: मूळ टेपपर्यंत परत जाणं. प्रतीच्या प्रतीवरून कितीही चकचकीत आवृत्ती काढली तरी हरवलेलं परत येत नाही.

काकांचा स्पूल आम्ही फळं सुकवायच्या यंत्रात, तापमापी लावून, 52 अंशांवर रात्रभर ठेवला. दर दोन तासांनी उलटला. पूर्ण थंड झाल्यावर लावला. किंचाळी नाही. थोडी खरखर, खुर्च्यांचे आवाज, कोणाचं तरी खोकणं, आणि मग माइकजवळून सव्वीस वर्षांच्या काकांचा आवाज: "हॅलो, हॅलो, चेक."