उसाचा कॅलस, मीठ आणि प्रोलीन: या संशोधनामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात बॉटनी नाहीतर बायोकेमला पीएचडी करणारं कुणी ओळखीचं असेल तर "कॅलस काळा पडला", "आज प्रोलीन लावलंय" असलं काहीतरी कानावर आलंच असेल (कॅलस म्हणजे बाटलीत वाढवलेला पेशींचा गोळा, आणि प्रोलीन हे एक अमिनो अ‍ॅसिड). बाहेरच्या माणसाला टिश्यू कल्चर म्हटलं की केळीची जी-नाईन रोपं आठवतात, आणि अमिनो अ‍ॅसिड म्हटलं की जिमची पावडर किंवा कृषी सेवा केंद्रात फवारणीला मिळते ती बाटली. इथं उसाच्या कॅलसला मीठ घालून त्यातलं प्रोलीन मोजणारे थीसिस होतात; ही दोन टोकं अशा एका थीसिसमध्ये कशी आली आणि त्यात मीठ कुठनं घुसलं, ते सांगायचंय. माझं म्हणणं असं की हे दोन विषय वेगळे कधी नव्हतेच, टिश्यू कल्चरची निम्मी हिस्टरी म्हणजे पेशीला नायट्रोजन कुठल्या रूपात, क्षार म्हणून का अमिनो अ‍ॅसिड म्हणून, खायला घालायचा याचीच भानगड आहे.

सुरुवात हाबरलांट या ऑस्ट्रियन माणसापासून धरतात. १९०२ साली त्यानं मांडलं की झाडाची एकेक पेशी सुटी करून वाढवता आली पाहिजे. त्यानं करूनही बघितलं, पेशी जगल्या, थोड्या फुगल्या, पण एकही विभागली नाही, कारण हार्मोन म्हणजे काय हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मग तीसेक वर्षं फारसं काही हललं नाही. १९३४ ला अमेरिकेत व्हाइटनं टोमॅटोची मुळं बाटलीत वाढवत ठेवली, त्याच सुमाराला ऑक्सिन हे झाडाच्या वाढीचं हार्मोन हाताला लागलं, आणि १९३९ च्या आसपास गाजर आणि तंबाखूच्या पेशींचे गोळे, म्हणजे कॅलस, कायम वाढत ठेवता यायला लागले. व्हाइटच्या पुढच्या मीडियात, म्हणजे पेशींना वाढायला द्यायच्या खाद्यात, ग्लायसीन हे अमिनो अ‍ॅसिड होतं, आणि ते आजही रेसिपीत चिकटून आहे. त्याची खरंच किती गरज आहे हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, कारण पुस्तकात लिहिलंय ना, मग घालायचं.

माझ्या मते या सगळ्यातला खरा माणूस स्टुअर्ड. १९५८ ला गाजराच्या सुट्या पेशींपासून गर्भासारखी रचना आणि पुढं रोप, हे त्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. पण हा गडी मुळात नायट्रोजनवाला! पेपर क्रोमॅटोग्राफी नवी नवी आली होती (त्यामागच्या कामाला मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चं नोबेल मिळालं), कागदावर रस चढवायचा, निनहायड्रिन हे रसायन मारायचं, की अमिनो अ‍ॅसिडचे जांभळे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांमध्ये बटाट्याच्या कंदात त्याला १९४९ ला गाबा हे अमिनो अ‍ॅसिड सापडलं, जे प्रोटीनमध्ये कधी बसतच नाही. म्हणजे पेशीत कुठलं अमिनो अ‍ॅसिड किती साठतंय हे बघणारा माणूसच पुढं पेशीपासून झाड करायला लागला. आणि मीडियात काय घालायचा, तर शहाळ्याचं पाणी! त्यात हार्मोनसारखी द्रव्यं, साखर, अमिनो अ‍ॅसिड सगळंच असतं, म्हणून चालायचं, पण नेमकं कशामुळं चालतंय ते कळायचं नाही.

ते कोडं बऱ्यापैकी सुटलं १९६२ ला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मुराशिगे हा स्कूग या प्राध्यापकाचा विद्यार्थी तंबाखूच्या पानांच्या अर्कात नवीन हार्मोन शोधत होता. अर्क घातला की वाढ जोरात, मग अर्क जाळून त्याची राख घातली तरी बरीचशी वाढ जोरातच. म्हणजे जादू बहुतांशी साध्या क्षारांची होती. मग त्यांनी क्षारच वाढवले, लिटरला १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट आणि १९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, तोच आजचा एमएस (मुराशिगे-स्कूग) मीडिया. गंमत म्हणजे त्याच १९६२ च्या नोव्हेंबरात आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, त्यामुळं इथल्या लॅबना एमएसच्या आधीचं जग बघायलाच मिळालं नाही असं म्हटलं तरी चालेल. १९६५ ला हाल्पेरिन आणि वेदरेल यांनी रानगाजरावर दाखवलं की नुसत्या नायट्रेटवर गर्भ तयार होत नाहीत, थोडं अमोनियम लागतं. ते अमोनियम पेशी पचवते कशी याचं उत्तर १९७४ ला ली आणि मिफ्लिन यांनी दिलं: आधी ग्लुटामिन, मग त्यातनं ग्लुटामेट, आणि तिथनं बाकीची सगळी वाटणी. प्रोलीनसुद्धा त्या ग्लुटामेटमधनंच निघतं, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या देशात १९६४ ला दिल्ली विद्यापीठात गुहा आणि महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातनं रोपं काढली, ते जगात पहिलं. पुण्यात एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, बायोकेमिस्ट्रीवाल्यांनीच टिश्यू कल्चर उभं केलं, १९८० ला मोठ्या झाडापासून सागाची रोपं आणि १९९० ला बाटलीत फुललेला बांबू ही त्यांची गाजलेली कामं.

आता ऊस. साठच्या दशकात हवाई बेटांवर उसाचं कल्चर जमलं आणि तिथनं सगळीकडं पसरलं. पानांच्या कोवळ्या गुंडाळीचे तुकडे घ्यायचे, टू-फोर-डी घातलेल्या मीडियावर ठेवायचे, कॅलस येतो. हो तेच टू-फोर-डी, आपल्याकडं रुंद पानाचं तण मारायला फवारतात ते, इथं लिटरला दोन-चार मिलिग्रॅम पुरतं. पण उसाची वाईट सवय म्हणजे काळं पडणं: तुकडा कापला की फिनॉल नावाची द्रव्यं सुटतात आणि मीडिया शाईसारखा होतो. ही फिनॉलं येतात फिनाइलअ‍ॅलनीन या अमिनो अ‍ॅसिडपासून, त्याची वाट उघडणारा एन्झाइम १९६१ ला सापडला. म्हणजे ज्या काळेपणाला पोरं शिव्या घालतात आणि कोळशाची पूड नाहीतर व्हिटॅमिन सी घालून आवरायला बघतात, तोही अमिनो अ‍ॅसिडचाच हिशोब.

आणि मीठ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडं जाऊन या, नदीकाठच्या काळ्या जमिनी, वर्षानुवर्षं ऊस, पाण्याला मोजमाप नाही, निचरा नाही, मग खालचे क्षार वर येऊन रान पांढरं फटक पडतं. क्षारपडीचा हा प्रश्न दारातच असल्यावर इथल्या संशोधकांनी उसाच्या कॅलसला मीठ घालून बघणं साहजिकच होतं. मिठात तगतील त्या पेशी निवडायच्या, त्यांची रोपं करायची. आणि तगतायत का हे कशानं मोजायचं, तर प्रोलीननं. ताणात प्रोलीन साठतं हे १९५४ पासून माहीत होतं, केम्बल आणि मॅकफर्सन यांना ते सुकत चाललेल्या रायगवतात दिसलं. पण प्रोलीन घराघरात पोचवलं ते १९७३ च्या बेट्सच्या पद्धतीनं: अ‍ॅसिड निनहायड्रिन, तासभर उकळतं पाणी, टोल्युइनमध्ये वर आलेला लाल रंग, ५२० नॅनोमीटरला रीडिंग. महागडं मशीन नको, कॉलेजातला कलरीमीटरही चालतो. स्पष्टच सांगायचं तर इतक्या थीसिसमध्ये प्रोलीनचा ग्राफ असण्यामागं विज्ञानाइतकंच हे स्वस्तपणाचंही कारण आहे.

कारण प्रोलीन वाढलं म्हणजे झाड तगलं असं होतंच असं नाही, ते दुखण्याचं लक्षण आहे का त्यावरचं औषध, हा वाद जुना आहे. १९९२ ला ग्लुटामेटपासून प्रोलीन बनवणाऱ्या एन्झाइमचं जीन वेगळं केलं ते चक्क मटकीतनं, आपल्या मिसळीतल्या मटकीतनं! १९९५ ला कवी किशोर नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी ते तंबाखूत घातलं, प्रोलीन दहापटीच्या वर गेलं आणि झाडं दुष्काळात नि मिठात बरी दिसली. दुसऱ्याच वर्षी ब्लम, मन्स वगैरे या विषयातल्या दिग्गजांनी "झाडातल्या पाण्याच्या तुमच्या हिशोबाचा अर्थ असा लागत नाही" म्हणून हरकत घेतली. २००७ ला ब्राझीलमध्ये तेच मटकीचं जीन उसात गेलं, तर तिथं प्रोलीन पाणी धरून ठेवायला नाही, पेशीचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करायला कामाला येतंय असं दिसलं. मीठ सोसणाऱ्या कॅलसचं तर आणखी एक दुखणं, बाटलीतला गोळा जे सोसतो ते त्याच्यापासून झालेलं झाड रानात सोसेलच याची खात्री नसते, निवडलेला गुण कधी कधी वाटेतच गळतो.

त्यामुळं शिरोळात क्षारपड हटवायला आजही जमिनीखालनं सच्छिद्र पाइप टाकून निचराच करावा लागतो. कल्चरनं उसाला दिलं ते वेगळंच: रोगमुक्त बेणं, आणि कल्चरमध्ये आपोआप होणाऱ्या बदलांतनं निवडलेलं को ९४०१२, म्हणजे फुले सावित्री हे उसाचं वाण, जे कोसी ६७१ या वाणापासून निघालं, आणि त्याची निवड झाली ती मिठासाठी नाही, साखरेसाठी.