हुकमाचा एक्का आधी टाकायचा की राखून ठेवायचा?

पत्ते खेळणारा कुणीही सांगेल, हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला घालवू नये. पसरलेल्या लंग कॅन्सरच्या एका प्रकारात डॉक्टर मंडळी बरीच वर्षं याच प्रश्नावर भांडत होती.

या प्रकारात ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो (कधीच सिगरेट न ओढलेल्यांमध्येही तो बऱ्याचदा सापडतो), म्हणजे पेशीला 'वाढ, वाढ' सांगणारं बटण दाबलेलंच राहतं. जेफिटिनिबची रोज एक गोळी ते बटण बंद करते, गाठी आकसतात, पण साधारण वर्षभरात कॅन्सर पळवाट शोधतोच, आणि निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये ती पळवाट एकच असते, टी७९०एम नावाचा बदल. ओसिमर्टिनिब ही नवी गोळी नेमकी तिथेही चालते. मग हिशोब सोपा वाटतो ना, आधी जुनी गोळी, ती थकली की नवी, दोन्हींचे महिने जोडून घ्या.

कागदावर ठीक आहे. फ्लॉरा ट्रायलमध्ये ५५६ पेशंट होते, त्यात नवी गोळी आधीच दिल्यावर आजार साधारण १८.९ महिने आवरला, जुन्या गोळ्यांनी १०.२. आयुष्यही ३१.८ वरून ३८.६ महिने. आणि खरी गोम इथे आहे: जुन्या गोळीवाल्यांपैकी नवी गोळी पुढे मिळाली फक्त ३१ टक्क्यांना. कुणाच्यात टी७९०एम नव्हताच, काहीजण पुढच्या औषधापर्यंत पोचलेच नाहीत. एक्का हातातच राहिला आणि डाव संपला.

पण यावर एक आक्षेप रास्त आहे, ज्यांना दुसरी गोळी मिळालीच नाही त्यांच्यावरून 'क्रम' कसा ठरवायचा? म्हणून युरोपात ॲपल नावाची ट्रायल झाली. एका गटात स्कॅनची वाट न बघता रक्तातच टी७९०एम शोधत राहायचं, दिसला की लगेच गोळी बदलायची. १७ टक्के पेशंटमध्ये तो खरंच स्कॅनच्या आधी पकडला गेला, मला तरी हे भारी वाटतं! दीड वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण दोन्ही क्रमांत जवळपास सारखंच निघालं, फक्त मेंदूत आजार जाण्याचा धोका नवी गोळी आधी घेणाऱ्यांना कमी दिसला.

मुंबईत टाटा मेमोरियलवाल्यांनी तर क्रमाचा प्रश्नच बाजूला ठेवला, जेफिटिनिब आणि केमो एकदमच सुरू केलं. ३५० पेशंट, आजार थोपण्याचा काळ ८ वरून १६ महिने, साइड इफेक्ट मात्र जास्त.