लवकर फळणारा टोमॅटो कोणता? गच्चीवर ताडून बघायची रीत

बियाण्याच्या पाकिटावर '६० ते ६५ दिवस' असं छापलेलं असतं. हे दिवस बहुतेक वेळा पेरणीपासून नव्हे, तर रोप कायमच्या जागी लावल्यापासून मोजलेले असतात. ट्रेमधले २५-३० दिवस त्यात धरलेले नसतात. शिवाय हा आकडा कुठल्या हवेत आणि कुठल्या महिन्यात मोजला, तेही पाकीट सांगत नाही. त्यामुळे दोन पाकिटांवरचे आकडे शेजारी ठेवून कोल्हापुरात कोणता वाण आधी येईल हे ठरवता येत नाही. ते आपल्याच गच्चीवर बघावं लागतं, आणि त्याला फार खर्चही येत नाही.

आधी नेमकं काय मोजायचं ते ठरवू. पहिलं फूल, पहिली फळधारणा आणि पहिलं पिकलेलं फळ या तीन तारखा वेगवेगळ्या असतात, आणि तिन्हींत एकच वाण पुढे असेल असं नाही. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला चेरी टोमॅटोला साधारण ३५ ते ४५ दिवस लागतात, मोठ्या फळाच्या वाणाला ४५ ते ६०. म्हणजे चेरी आणि मोठा टोमॅटो यांची 'आधी लाल कोण' अशी शर्यत लावली तर निकाल आधीच ठरलेला. आपल्याकडे खरी अडचण येते ती मधल्या टप्प्यावर. फुलं सगळ्यांकडे येतात, पण टिकत नाहीत. म्हणून तुलना करायची ती पहिल्या दोन-तीन घोसांतल्या फुलांपैकी किती फुलांचं फळ झालं याची.

टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. पिवळे पुंकेसर (पराग देणारे नर भाग) एकमेकांना चिकटून त्यांची निमुळती नळी होते, कुक्षी (पराग झेलणारं मादी भागाचं टोक) तिच्या आत असते आणि पराग आतल्या बाजूनेच सुटतात. त्यासाठी फुलाला हादरा बसावा लागतो. गच्चीवर तो बराचसा वाऱ्यानेच बसतो. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात, त्यानेही पराग झडतात. मधमाशीला हे जमत नाही, त्यामुळे शेजारी मधाची पेटी ठेवून टोमॅटोला विशेष फायदा होत नाही. परागण झाल्यावर तीन-चार दिवसांत पाकळ्या सुकून मागे वळतात आणि त्यांच्या आड टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी गोळी दिसते. फळ धरलं नाही, तर देठाच्या मधोमध असलेला फुगीर सांधा पिवळा पडतो आणि फूल तिथूनच गळतं. रोज सकाळी हा सांधा बघायची सवय लावली की फूल पडायच्या एक दिवस आधीच निकाल कळतो.

फळधारणेला दिवसा २० ते ३० आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीचा २४-२५ च्या वर राहू लागला की बहुतेक वाणांचे पराग निकामी होतात. काही वाणांत तर कुक्षी लांबून नळीच्या बाहेर डोकावते, मग आत पडलेला पराग तिला मिळतच नाही. हवेत ८०-८५ टक्क्यांवर दमटपणा असला तर पराग गोळा होऊन चिकटून बसतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये झाड हिरवंगार आणि घोस रिकामे दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उष्णतेचा सर्वात मोठा फटका उमललेल्या फुलाला बसत नाही, तर उमलायच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी, कळीत पराग तयार होत असताना बसतो. आज गळलेल्या फुलाचा दोष आजच्या उन्हाला देऊन चालत नाही, मागच्या आठवड्याची नोंद उघडावी लागते. म्हणून कमाल-किमान तापमापक ही या उद्योगातली एकमेव खरेदी टाळू नये. तो झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगावा. हवामान खात्याचा आकडा इथे पुरत नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि गच्चीवरची रात्र त्या आकड्यापेक्षा उबदार असते.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री सहसा १४-१५ अंशांच्या आसपास असतात, म्हणजे थंडीमुळे फळ न धरण्याची वेळ इथे क्वचितच येते. दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा शीतल' रात्रीच्या ८ अंशांपर्यंत फळ धरतो, पण तो गुण उत्तरेत कामाचा. रंकाळ्याच्या काठी त्याचा उपयोग नाही. थंड देशांतून ऑनलाइन मागवलेल्या 'लवकर येणाऱ्या' बियाण्यांचंही तसंच. इथे उपयोग आहे तो गरम रात्रीत फळ धरणाऱ्या वाणांचा.

पहिल्या चाचणीला चार वाण पुरेत. 'पुसा रुबी' हा जुना, लवकर येणारा सरळ (संकरित नसलेला) वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'धनश्री'. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित, पानं वळवणारा लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद न देणारा. चौथा एखादा चेरी, पण त्याची तुलना फक्त फळधारणेच्या टक्केवारीपुरती.

प्रत्येक वाणाची चार झाडं, म्हणजे सोळा कुंड्या. सगळ्या एकाच मापाच्या असाव्यात. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या चालतात, तळाला पाच-सहा भोकं पाडून. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि बादलीमागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड. हे मिश्रण ताडपत्रीवर एकदमच कालवून मग सोळा बादल्यांत भरा. बादलीगणिक वेगळं कालवलं तर पुढे वाणातला फरक दिसतोय की खतातला, ते कळणार नाही. चार-चारच्या चार रांगा लावा आणि प्रत्येक रांगेत चारही वाण येऊ द्या, रांगेतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पश्चिमेच्या कठड्यालगतची रांग संध्याकाळी जास्त तापते. तिथे एकाच वाणाची चारही झाडं ठेवली तर त्या वाणाचा नाहक बळी जातो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये अर्धा ते एक सेंटीमीटर खोल बी पेरा. पाच ते आठ दिवसांत उगवतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चार-पाच खरी पानं आल्यावर, सगळी रोपं एकाच संध्याकाळी लावा. पहिला घोस त्या महिन्याच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये, रात्री गार होऊ लागल्यावर उमलतो. नर्सरीतली तयार रोपं इथे चालत नाहीत. त्यांचं वय सांगता येत नाही, आणि ट्रेमध्ये मुळं गुंडाळून अडकलेलं रोप घाईने फुलतं. ते लवकर आल्यासारखं दिसतं खरं, पण पुढे वाढत नाही.

रोप लागलं की एक सोपी मोजणी करा: खालच्या दोन बीजपत्रांच्या वर, पहिल्या घोसापर्यंत किती पानं आली? बुटक्या, ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या वाणांत हा आकडा साधारण ५ ते ७ असतो आणि पुढचे घोस एक-दोन पानांआड येतात. सतत वाढणाऱ्या वाणांत ८ ते १२, आणि पुढे दर तीन पानांआड घोस. बुटकेपणाचा हा गुण १९१४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात एका झाडात आपोआप झालेल्या जनुकीय बदलातून आला. लवकर येणारे पुष्कळ वाण बुटके असतात ते यामुळे. मात्र रोप लहान असताना उजेड कमी पडला तर पानांची संख्या वाढते आणि घोस लांबतो. ट्रे खिडकीत ठेवला असेल तर तो रोज फिरवा, म्हणजे एका बाजूचं रोप मागे पडणार नाही.

आता नोंद. घोसाला लोकरीचा धागा बांधा: पहिल्याला लाल, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला निळा. वहीत झाडाचा क्रमांक, पहिलं फूल पूर्ण उमलल्याची तारीख, घोसातली एकूण फुलं आणि शेवटचं फूल उमलल्यावर दहा दिवसांनी वाटाण्याएवढी झालेली फळं लिहा. सहा फुलांपैकी चार फळं म्हणजे ६७ टक्के. पहिल्या घोसात कधी कधी दोन-तीन फुलं एकत्र जोडलेलं जाडजूड फूल येतं. त्याचं फळ वेडंवाकडं होतं. ते मोजणीतून वगळा.

सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, दव सुकल्यावर, प्रत्येक घोसाला एक टिचकी मारा किंवा बॅटरीचा टूथब्रश देठाला दोन सेकंद लावा. हे करायचं तर सोळाही झाडांना आणि रोज करा, नाहीतर कोणालाच नको.

खतपाण्यात हात आखडता ठेवलेला बरा. फुलं येईपर्यंत आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) लिटरला २ ग्रॅम, कळ्या दिसल्यावर १३:०:४५ तेवढंच. नत्र जास्त झालं की पानं गडद आणि गुंडाळलेली, खोड अंगठ्याएवढं जाड आणि फुलं मात्र गळतात. स्लरी किंवा जीवामृत घालायचं तर मोजून, प्रत्येक बादलीला एक मग. फुलगळ थांबवणारं संजीवक मात्र या सोळा झाडांवर अजिबात फवारू नका. त्यातली काही संजीवकं परागणाशिवायही फळ धरायला लावतात. फळ आतून पोकळ निघतं आणि वाणाची स्वतःची ताकद झाकली जाते. शंका आली तर फळ आडवं कापून बघा. बी नसेल किंवा नावापुरतंच असेल तर परागण नीट झालेलं नाही.

सर्वात आधी लाल झालेल्या फळावर पटकन विश्वास ठेवू नये. अळीने पोखरलेलं किंवा बुडाशी काळं पडलेलं फळ इजेमुळे आठवडाभर आधीच रंग धरतं. उलटं करून बूड आणि देठाजवळचा भाग बघितल्याशिवाय तारीख लिहू नका. पानं वरच्या बाजूने वळून बारीक झाली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला लीफ कर्ल. असं झाड उपटून टाका आणि हिशेबातून काढा.

शेवटी एका वाणाच्या चार झाडांच्या तारखा ओळीने मांडा आणि मधल्या दोन्हींची सरासरी घ्या. एकच झाड फार पुढे किंवा मागे गेलं तरी निकाल त्यामुळे बिघडत नाही. एकाच वाणाची झाडं आपापसांत सहा दिवसांनी मागेपुढे असतील आणि दोन वाणांत फरक तीन दिवसांचा असेल, तर ते दोन्ही वाण बरोबरीचे समजावेत.

हिवाळ्यात चारही वाण ६०-७० टक्क्यांच्या आसपास घुटमळले तरी नवल नाही, कारण त्या हवेत सगळ्यांचंच जमतं. फरक उघडा पडतो तो जानेवारीअखेर पेरलेल्या दुसऱ्या तुकडीत. ती रोपं एप्रिलमध्ये, दिवसा ३७-३८ अंशांत फुलावर असतात. या तुकडीत गरम रात्री सोसणारा 'पुसा सदाबहार' किंवा रात्री २८ अंशांपर्यंत फळ धरणारा 'पुसा संकर-१' मिळाला तर पाचवा वाण म्हणून घ्या. हिरवी शेडनेट लावायची तर सगळ्याच कुंड्यांवर सारखीच, दुपारी बारा ते चार. सावलीने काही अंश कमी होतात, पण दिवसभर झाकलं तर उजेड कमी पडून फुलं वेगळ्याच कारणाने गळायला लागतात.