नगरपरिषदेचा सुधारित विकास आराखडा: हरकत कोणी द्यायची, कधी द्यायची आणि सोबत कोणते कागद लावायचे

तालुक्याच्या गावात विकास आराखड्याची अफवा आधी पोचते, नकाशा नंतर. मोंढ्यातल्या हॉटेलात कुणी सांगतं की बायपासच्या अलीकडचं सगळं शिवार पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवासी झोनमध्ये आलं. दुसरा म्हणतो, शाळेमागच्या गटांवर आरक्षण पडलं. चार दिवसांत दलाल दारात येतात: जमीन तशीही जाणारच आहे, येईल त्या भावात देऊन टाका. ज्यांनी नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नसतो, ती माणसं घाबरून इसारपावती करून बसतात. माझ्या चुलत्यांच्या वावरात आराखड्यातल्या रस्त्याची रेघ विहिरीवरून गेली होती. त्यांना ते कळलं तेव्हा हरकतींची मुदत संपून वर्ष झालं होतं. असं आणखी कुणाचं होऊ नये, म्हणून ही प्रक्रिया इथे सविस्तर देतोय.

पहिली गोष्ट मनात पक्की ठेवा. आरक्षण पडलं, म्हणजे जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली, म्हणून मालकी गेली असं नाही. सातबारावरचं नाव तेच राहतं. रीतसर संपादन होऊन मोबदला ठरेपर्यंत जमीन तुमचीच असते.

नगरपरिषद नेमकं काय बदलते?

विकास योजना, म्हणजेच विकास आराखडा, तयार होते ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. याच कायद्याच्या कलम ३८ नुसार ती साधारण वीस वर्षांतून एकदा सुधारली जाते. योजनेत दोन गोष्टी ठरतात. एक, कोणती जमीन कोणत्या झोनमध्ये: रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती वगैरे. दोन, कोणत्या जागेवर रस्ता, शाळा, बगीचा, भाजी मंडई, दफनभूमी अशा सार्वजनिक कामांसाठी आरक्षण.

त्या झोनमध्ये काय बांधता येईल, किती मजले, किती मोकळी जागा सोडायची, हे मात्र नगरपरिषद स्वतः लिहीत नाही. त्यासाठी डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर ती राज्यभर लागू आहे. त्यामुळे ‘आमच्या गल्लीत तीन मजल्यांना परवानगी द्या’ ही मागणी आराखड्याच्या हरकतीत लिहून उपयोग नाही. हरकत नकाशावर असते: झोनवर, आरक्षणावर, रस्त्याच्या रेषेवर.

टप्पे, आणि त्यातली तुमची वेळ

आधी नगरपरिषद आराखडा सुधारण्याचा इरादा जाहीर करते (कलम २३). मग जागेवर पाहणी होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा बनतो (कलम २५). त्यावरून प्रारूप (कच्ची) योजना तयार होते, राजपत्रात सूचना येते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात (कलम २६). नियोजन समिती सुनावणी घेते (कलम २८), योजना शासनाकडे जाते (कलम ३०) आणि शासन मंजुरी देते (कलम ३१).

लोक या साखळीत शेवटी जागे होतात, खरा जोर मात्र मधे असतो. विद्यमान जमीन वापर नकाशाकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. वीस वर्षांपासून उभं असलेलं घर, गोठा, विहीर, वस्ती त्या नकाशात दाखवायची राहिली, तर कागदावर ती जागा मोकळी दिसते आणि मोकळ्या जागेवरच आरक्षण पडतं. इराद्याची सूचना निघाली की नगरपरिषदेत जाऊन आपला गट त्या नकाशात कसा दाखवलाय ते पाहा. चूक दिसली तर तेव्हाच लेखी अर्ज द्या. त्या वेळी एका पानाच्या अर्जाने जे होतं, त्यासाठी पुढे शासनाच्या दारात खेटे घालावे लागतात.

इरादा जाहीर झाल्यावर परवानगीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही (कलम ४३). शेती करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

नकाशा कुठे पाहायचा

प्रारूप योजना नगरपरिषद कार्यालयात पाहणीसाठी ठेवलेली असते. मराठवाड्यातल्या अनेक लहान नगरपरिषदांचं हे काम जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयामार्फत चालतं, तेव्हा नगरपरिषदेत नीट उत्तर मिळालं नाही तर तिथे जा. जाताना गट नंबर किंवा जुना सर्व्हे नंबर, गटनकाशा आणि चतुःसीमा सोबत न्या. रंगावरून अंदाज लावू नका. पिवळा म्हणजे रहिवासी आणि हिरवा म्हणजे शेती किंवा हरित, एवढं माहीत असलं तरी एका गटातून दोन रंग जाऊ शकतात. आरक्षण असेल तर त्याचा क्रमांक, प्रयोजन आणि रस्त्याची रुंदी किती मीटर, हे तिथेच लिहून घ्या.

लेखी पुरावा म्हणून दोन कागद मागता येतात, झोन दाखला आणि भाग नकाशा. दोन्हींसाठी चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, गटनकाशा आणि ठरलेलं शुल्क लागतं. जमीन विकत घेणाऱ्यांनी तर या दोन कागदांशिवाय इसार देऊच नये. आणि प्रारूपात पिवळा दाखवलेला गट मंजूर योजनेतही पिवळाच राहील, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

हरकत कोण देऊ शकतं?

कोणीही. कलम २८ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असेच शब्द आहेत. जमीनमालकच हवा असं नाही. भाडेकरू, शेजारचा शेतकरी, सातबारावर अजून नाव न लागलेली बहीण, गल्लीतले दहा रहिवासी एकत्र, सगळे देऊ शकतात. आरक्षण तुमच्या जमिनीवर नसलं, पण गावातल्या एकुलत्या एका मैदानाचं आरक्षण वगळलं गेलं असलं, तरी तुम्हाला बोलण्याचा हक्क आहे. अशा सूचना फार कमी येतात, याचं मला वाईट वाटतं. ओढ्याच्या काठावर, पुराचं पाणी शिरतं तिथे रहिवासी झोन दाखवला असेल, तर ते त्या भागात राहणाऱ्यांनीच सांगायला हवं.

मुदत राजपत्रातल्या सूचनेत दिलेली असते. ती वर्तमानपत्रात आणि कार्यालयाच्या फलकावरही पाहायला मिळते. सूचनेत जी तारीख आहे तीच धरा, कुणी तोंडी ‘वाढणार आहे’ म्हटलं तरी थांबू नका.

कागदपत्रं

हरकतीला कायद्यात शुल्क नाही, बॉन्ड पेपरही लागत नाही. साध्या कागदावर लिहिलेली हरकत चालते. ती लिहून देण्याचे दोन-दोन हजार घेणारे भेटतील. त्यांची गरज नाही.

सोबत लावायचे मूळ कागद ठरलेले आहेत: सातबारा आणि आठ-अ (डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो), गावठाण किंवा नगर भूमापन हद्दीत असाल तर मालमत्ता पत्रक, गटनकाशा, प्रारूप नकाशातला तुमच्या गटाचा भाग आणि ओळखपत्राची प्रत. भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी झालेली असेल तर तो नकाशा सगळ्यांत वर लावा. रस्त्याची रेघ नेमकी कुठून जाते हे मोजणीशिवाय सिद्ध करता येत नाही.

घर उभं असेल तर बांधकाम परवानगी, घरपट्टीची पावती, वीजबिल आणि फोटो. विहीर किंवा बोअर असेल तर सातबारावरची नोंद. अकृषिक (एनए) आदेश झालेला असेल, रेखांकन (लेआउट) मंजूर असेल, तर त्यांच्या प्रती विसरू नका. मंजूर रेखांकनावर पडलेलं आरक्षण ही नियोजन समितीला पटणारी ठोस हरकत असते. वारसांपैकी एकच जण येणार असेल तर बाकीच्यांचं अधिकारपत्र जोडा.

मराठवाड्यात दोन गुंते जास्त दिसतात. पहिला इनाम आणि देवस्थानच्या जमिनींचा. निजामाच्या काळापासूनच्या या जमिनींवर कसतो एक, नाव दुसऱ्याचं, आणि सातबारावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. अशा वेळी फक्त सातबारावर विसंबू नका. जुने फेरफार आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) तहसीलमधून काढून जोडा. जमीन वर्ग २ आहे म्हणून तुमची हरकत बाद होत नाही. पण पुढे वापर बदलताना सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे लक्षात ठेवा.

दुसरा गुंता गुंठेवारीचा. बॉन्डवर घेतलेला प्लॉट, सातबारा अजून मूळ मालकाच्या नावे, आणि घर मात्र पंधरा वर्षांपासून उभं. गुंठेवारी अधिनियम २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने नियमितीकरणासाठी ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं विचारात घेतली गेली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र असेल तर ते जोडा. नसेल तर घरपट्टी, वीजबिल, नळपट्टी, मतदार यादीतला पत्ता, असं वस्ती सिद्ध करणारं जे असेल ते जोडा आणि वस्तीची एकत्र हरकत द्या. शंभर घरांची एक नकाशासह हरकत शंभर सुट्या कागदांपेक्षा समितीला लवकर कळते.

हरकतीत काय लिहायचं

‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर समिती शिफारस करू शकत नाही. तिला कारण हवं आणि पर्याय हवा. साधारण असं लिहा:

प्रति, मुख्याधिकारी, … नगरपरिषद.
विषय: प्रारूप सुधारित विकास योजनेतील आरक्षण क्र. … बाबत हरकत.
संदर्भ: राजपत्रातील सूचना, दिनांक …
मौजे … येथील गट क्र. … मधील … चौ. मी. क्षेत्रावर बगीचाचे आरक्षण दर्शविले आहे. या क्षेत्रावर माझे राहते घर असून त्यास दिनांक … ची बांधकाम परवानगी आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात हे घर दर्शविलेले नाही. लगतच्या गट क्र. … मध्ये नगरपरिषदेच्या मालकीची मोकळी जागा उपलब्ध आहे. तरी सदर आरक्षण माझ्या गटातून वगळून तेथे दर्शविण्यात यावे. सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.

खाली पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर. सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते. आवक विभागात शिक्का आणि क्रमांकासह पोच घ्या. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टाने, आणि पावती फाइलला लावून ठेवा.

सुनावणी

नियोजन समितीत नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. एका दिवसात पुष्कळ हरकती असतात, तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतील. मूळ कागद न्या, नकाशावर बोट ठेवून बोला, आणि नवीन कागद दिला तर त्याचीही पोच घ्या. वडीलधारे असतील तर सोबत बोलणारं कुणी पाठवा. एकदा मी पाहिलं, एक आजोबा तीन तास बाकावर बसून होते आणि नाव पुकारल्यावर त्यांना गट नंबर आठवेना. त्यांचं म्हणणं खरं होतं, पण नोंदलं गेलं अर्धंच. गट नंबर आणि आरक्षण क्रमांक चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

समिती शिफारस करते, त्यानंतर नगरपरिषद बदल करून यादी प्रसिद्ध करते. तुमच्या हरकतीचं काय झालं हे कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर समितीचा अहवाल मागा. शासनाने मंजुरी देताना मोठा बदल केला, तर तो वगळलेला भाग म्हणून पुन्हा हरकतींसाठी जाहीर होतो. पहिली वेळ हुकली असेल आणि तुमचा गट त्या भागात असेल, तर ही संधी सोडू नका.

मंजुरीनंतर काही करता येतं का?

येतं, पण वाट लांब आहे. कलम ३७ खाली किरकोळ फेरबदलाचा अर्ज नगरपरिषदेकडे करता येतो. पुन्हा सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी शासन मंजुरी, असा सगळा फेरा असतो.

आरक्षणाखालची जमीन अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत घेतलीच नाही, तर मालक कलम १२७ ची खरेदी नोटीस देऊ शकतो. सोबत मालकीचे कागद जोडावेच लागतात, नाहीतर नोटीसच अपुरी ठरते. ती पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत कमी होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून घाई करू नका. नोटीस वकिलाकडून तपासून घ्या, स्पीड पोस्टाने पाठवा, आणि आरक्षण व्यपगत झाल्याची राजपत्रातली अधिसूचना हातात आल्यावर तिची प्रत बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडा.