स्पीकरमधली घूं आणि कडप्प्याची लादी

अॅम्प्लिफायर चालू आहे, गाणं अजून लावलेलं नाही. अशा वेळी स्पीकरच्या जाळीजवळ कान नेला की बऱ्याच घरांत एक खोल ‘घूंऽऽ’ ऐकू येते. ही घूं आपल्या वीजपुरवठ्याची. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, आणि तो चोरवाटेने सिग्नलमध्ये शिरला की ५० हर्ट्झचा स्वर आणि त्याच्या पटीतले १००, १५०, २०० हर्ट्झचे स्वर वाजू लागतात. पेटीवर तपासायचं तर हा स्वर पांढरी पाचच्या खालच्या सप्तकांत बसतो, पण किंचित चढा. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचं रेकॉर्डिंग अशा सेटवर लावलं की तंबोऱ्याच्या खाली आणखी एक बेसूर तंबोरा लागलेला असतो.

ही घूं घालवण्यासाठी आणि ‘आवाज खुलवण्यासाठी’ बाजारात मोठं दुकान मांडलेलं आहे. खनिजांनी भरलेल्या ‘ग्राउंडिंग बॉक्स’, चांदीच्या अर्थ वायरी, उपकरणांखाली ठेवायचे पितळी सुळके, सिरॅमिकचे पाय, मऊ चकत्या. किमती काही शेकड्यांपासून लाखांपर्यंत जातात. यातल्या काही वस्तूंमागे चोख भौतिकशास्त्र आहे. गंमत अशी की जिथे ते लागू पडतं तिथला उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतो.

आधी अर्थिंग. प्लगची तिसरी पिन लांब आणि जाड असते. ती सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. तिचं काम माणूस वाचवणं. आत फेजची वायर सुटून धातूच्या डब्याला चिकटली, तर अर्थमधून इतका प्रवाह वाहावा की फ्यूज उडेल किंवा एमसीबी पडेल. आरसीसीबी असेल तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच ती पडते. इमारतीजवळ कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थचा खड्डा असतो तो याचसाठी. चांगल्या आवाजाला जमिनीशी नातं लागत नाही. बॅटरीवरचा रेडिओ, खिशातला मोबाइल, उडतं विमान, यांपैकी कशालाही अर्थ नसते आणि त्यांच्या हेडफोनमध्ये घूं येत नाही.

तरी ‘अर्थ चांगली केली की सगळा कचरा जमिनीत जातो’ ही समजूत पक्की आहे. अर्थ म्हणजे मोरी नव्हे, की नॉइज ओतला आणि वाहून गेला. प्रवाह जिथून निघाला तिथे परत यावाच लागतो. त्याला पूर्ण फेरा लागतो. आणि बहुतेक घूं तयार होते ती असा एक नको असलेला फेरा जुळल्यामुळेच.

नेहमीचं उदाहरण घेऊ. अॅम्प्लिफायर थ्री-पिनवर आहे, म्हणजे त्याचा डबा घराच्या अर्थला जोडलेला. टीव्हीचा आवाज त्यात यावा म्हणून सेट-टॉप बॉक्समधून आरसीए केबल (लाल-पांढऱ्या टोकांची नेहमीची ऑडिओ वायर) आणली आहे. सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून केबलवाल्याची कोअॅक्स वायर येते, आणि तिचं बाहेरचं जाळीदार कवच भलत्याच ठिकाणी, बहुधा दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, अर्थ झालेलं असतं. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडासा व्होल्टेज फरक असतोच. तो फरक आता आरसीए केबलच्या कवचातून प्रवाह ढकलतो. कवचाचा रोध समजा ०.०५ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर; गुणाकार अर्धा मिलिव्होल्ट. आरसीए जोडणीत कवच हीच सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे हा अर्धा मिलिव्होल्ट सरळ गाण्यात मिसळतो. अॅम्प्लिफायरने तो वीसपट केला की स्पीकरवर १० मिलिव्होल्ट जातात. आपले कान ५० हर्ट्झला बरेच बहिरे आहेत, पण १०० आणि १५० ला तितके नाहीत, त्यामुळे रात्री फॅन बंद केल्यावर नेमकी तीच घूं छळते.

शोधायची पद्धत साधी आहे. आवाज कमी करून अॅम्पच्या मागच्या सिग्नल केबल एकेक काढायच्या. एखादी काढली आणि घूं थांबली की फेरा तिथून जात होता. सेट-टॉप बॉक्सची कोअॅक्स उपटल्याबरोबर सगळं शांत, असं पुष्कळदा घडतं. मग उपाय ठरवता येतो. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ती केबल लावावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, फेरा आपोआप तुटतो. कोअॅक्समध्ये आयसोलेटर बसतो, किंवा आरसीए केबलच्या मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालता येतो. आणि सर्वांत आधी, सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणावीत. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये जेवढा फरक असेल तेवढा एका बोर्डवरच्या दोन सॉकेटांत नसतो. या उपायाला खर्च शून्य, आणि म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

स्टुडिओवाल्यांनाही हा ताप चुकलेला नाही. तिथे तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगवाली बॅलन्स्ड जोडणी असते. दोन तारांतला फक्त फरक मोजला जातो, त्यामुळे दोन्हींत सारखीच आलेली घूं वजा होते. तरीही काही महागडी उपकरणं गुणगुणायची. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याचं एक मोठं कारण मांडलं: केबलचं कवच डब्याला न जोडता आतल्या सर्किट बोर्डाला जोडलेलं असतं, म्हणून कवचातला कचरा थेट सर्किटमध्ये फिरतो. एक्सएलआर प्लगमध्ये कवच पहिल्या पिनला जोडलेलं असतं, म्हणून याला ‘पिन वन प्रॉब्लेम’ म्हणतात. दोष कारखान्यातला; बाहेरून अर्थची कितीही जाड वायर लावली तरी तो जात नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. अर्थची पिन काढून टाकली किंवा थ्री-पिनला टू-पिन अॅडॉप्टर लावला की घूं जाते, कारण फेरा तुटतो. त्याबरोबर जीव वाचवणारी वायरही तुटते. फेरा सिग्नलच्या बाजूने तोडावा, अर्थच्या बाजूने नाही.

उलटी अडचणही आपल्याकडे भरपूर. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे वायरच नसते. कॉम्प्युटरसारख्या उपकरणात फेज आणि न्यूट्रलपासून डब्याकडे दोन सारखे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ मेलेली असली की डबा निम्म्या व्होल्टेजवर, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह क्षीण असतो, पण हाताला झिणझिण्या येतात आणि अॅम्पला जोडल्यावर स्पीकर करवतीसारखा खरखरतो. इथे खरी अर्थ ओढून घेतली की फरक लगेच ऐकू येतो. वायरमनकडून अर्थ तपासून घेणं हाच या घरातला पहिला ‘ऑडिओ अपग्रेड’. तसंच चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. दोघेही विजेच्या लहरीला धारदार कोपरे पाडतात, आणि त्या कोपऱ्यांतून वरच्या पट्टीतली चिरचिर येते. रेग्युलेटर पूर्ण फिरवून बघितला तरी गुन्हेगार कळतो.

आता ती खनिजांची बॉक्स. ती एका वायरीने अॅम्पच्या रिकाम्या सॉकेटला जोडायची असते. दुसरं टोक कशालाच जात नाही. म्हणजे फेरा नाही. राहिली ती फक्त बॉक्सची हवेतून आसपासच्या वस्तूंशी असलेली धारिता (कपॅसिटन्स), समजा १० पिकोफॅरॅड. ५० हर्ट्झला तिचा अडथळा सुमारे ३२ कोटी ओहम होतो. त्यातून घूं बाहेर जाणार नाही. रेडिओच्या वारंवारतेला हा अडथळा शेकडो ओहमवर येतो खरा, पण तेव्हा बॉक्स आणि तिची वायर अँटेनासारखी वागते. नॉइज बाहेर जाण्याऐवजी आत येण्याची शक्यता तेवढीच.

अर्थची एकच बारीक वायर मी डोळे झाकून सांगेन, ती एलपी वाजवणाऱ्या टर्नटेबलची. मागून आरसीए केबलबरोबर एक सुटी वायर येते, टोकाला इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा टॅग असलेली. अॅम्पच्या मागे ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली ती आवळायची. सुईची हालचाल विजेत बदलणारा छोटा भाग म्हणजे कार्ट्रिज. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजचा सिग्नल सुमारे ५ मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल प्रकारचा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली. शिवाय एलपीवर खालचे स्वर मुद्दाम दाबून कोरलेले असतात आणि फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलचा सिग्नल वाढवणारं सर्किट, ते परत उचलते. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ जवळजवळ सातपट. घूं जिथे राहते नेमक्या त्याच जागेवर भिंग धरल्यासारखं. ती वायर सैल असली की सेट भुंकतो, आवळली की गप्प.

टर्नटेबलपाशी आलोच आहोत तर कंपनांकडे वळू. तबकडीच्या खाचेत सुई किती हलते? १ किलोहर्ट्झच्या बऱ्यापैकी मोठ्या स्वराला सुमारे ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वरच्या पट्टीतल्या नाजूक आवाजांना मायक्रॉनचा दहावा भागही नाही. सुईला गाणं आणि शेजाऱ्याचा मिक्सर यांतला भेद कळत नाही; खाचेच्या सापेक्ष जे हललं ते सगळं सिग्नल.

घरच्या घरी चाचणी होते. तबकडी थांबलेली ठेवून तिच्यावर सुई टेकवायची, आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत वाढवायचा आणि टर्नटेबलशेजारी टेबलावर बोटाने टिचकी मारायची. स्पीकरमधून ‘धप्प’ ऐकू आलं तर टेबल मायक्रोफोन झालं आहे. आवाज आणखी वाढवताना हुंकार भरू लागला, तर स्पीकरचं कंपन फर्निचरमधून सुईकडे आणि तिथून परत स्पीकरकडे फिरतं आहे. लगेच आवाज खाली घ्यावा. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच शोकेसवर असले की हे हमखास होतं.

यावरचे परदेशी सल्ले वाचताना एक ध्यानात ठेवावं. ब्रिटन-अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत जमीन म्हणजे लाकडी तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. माणूस चालला तरी ती झुलते, सुई उडते. आपल्याकडे खाली आरसीसीचा स्लॅब आणि वर फरशी. तो तसा झुलत नाही. म्हणून तिथे चमत्कार करणारे पाय इथे काही करताना दिसत नाहीत. आपल्याकडे डळमळतं ते फर्निचर: प्लायचं पोकळ युनिट, काचेचं शेल्फ.

कंपन अडवण्याचं गणित एका स्प्रिंगचं आहे. वर वजन ठेवल्यावर स्प्रिंग १ मिलिमीटर दबली तर त्या जोडीची स्वतःची वारंवारता सुमारे १६ हर्ट्झ. ४ मिलिमीटर दबली तर ८, १० मिलिमीटरला ५. या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या वरची कंपनंच अडवली जातात. खालची जशीच्या तशी वर येतात आणि त्या आकड्यावरची तर वाढतात. टोनआर्म (सुई धरणारी दांडी) आणि कार्ट्रिजची जोडी स्वतः ८ ते १२ हर्ट्झला डोलावी अशी जुळवतात, त्यामुळे आधार त्याच्या बराच खाली, ३ ते ५ हर्ट्झला हवा. अकॉस्टिक रिसर्च (एआर) कंपनीचे एडगर व्हिल्चर यांनी १९६१ च्या एआर टर्नटेबलमध्ये तबकडी आणि टोनआर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट मऊ स्प्रिंगांवर टांगली, ती याच हिशेबाने. महागडी चकती वजनाखाली दबतच नसेल तर ती काहीही अडवत नाही, आणि पूर्ण चेपून बसली असेल तरीही नाही. पितळी सुळका तर कंपन अडवणारा नव्हेच. तो उपकरण खालच्या जमिनीला घट्ट जखडतो.

स्वस्तातला उपाय फरशीवाल्याकडे मिळतो. कडप्प्याचा उरलेला तुकडा, ४५ बाय ३५ सेंटिमीटर आणि ३ सेंटिमीटर जाड, कडा घासून घेतलेला. वजन बारा-तेरा किलो भरतं. त्याच्याखाली लहान मुलांच्या सायकलची ट्यूब, अर्धवट हवा भरून. ट्यूब फुगवून टणक केली तर उपयोग संपला. लादी बोटाने ढकलल्यावर सावकाश डुलायला हवी. नंतर टर्नटेबल लेव्हलमध्ये आणताना थोडी खटपट पडते. नुसती लादी, खाली काही मऊ न घालता, फार काही करत नाही. आणि पक्क्या भिंतीला ठोकलेलं शेल्फ या सगळ्याच्या तोडीचं असतं.

बाकी उपकरणांचं काय? व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये काचेच्या नळीवर पेन्सिलने टकटक केलं तर स्पीकरमधून ‘टिंग’ येते. तिथे मऊ पायांचा उपयोग आहे. सीडी प्लेअरमध्ये सिग्नल आकड्यांचा. लेझर थोडा डगमगला तरी चूकदुरुस्ती ते भरून काढते. डॅकच्या (आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या सर्किटच्या) क्वार्ट्झ घड्याळावर कंपनाचा परिणाम मोजता येतो, पण तो गुरुत्वाकर्षणाइतक्या धक्क्याला काही अब्जांश. ट्रान्झिस्टर अॅम्पखाली काय ठेवलं याने गाण्यात फरक पडायला कारण दिसत नाही.

स्पीकरची गोष्ट वेगळी, तो तर कंपनासाठीच जन्मलेला. तरी त्याचा पडदा समजा १५ ग्रॅमचा आणि खोका १० किलोचा. पडदा ५ मिलिमीटर पुढे गेला तर खोका जेमतेम ७-८ मायक्रॉन मागे जातो. त्याने आवाज बिघडत नाही. बिघडतो तो स्पीकर ज्या शोकेसवर आहे तिच्या काचा आणि बिजागऱ्या वाजू लागल्या की. स्पीकर स्टँडवर घ्यावा, किंवा खाली जाड रबर घालावं.

आणि खोली. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींत अडकून घुमतो. ५० ची घूं त्याच्या अगदी शेजारी, म्हणून ती भिंतीला टेकून बसलं की फुगते आणि खोलीच्या मधोमध विरते. सोफा दोन फूट पुढे ओढून जो फरक पडतो तो कुठल्याही सुळक्याने पडलेला माझ्या पाहण्यात नाही.

‘पण मला फरक ऐकू आला’ हे म्हणणारा खोटं बोलत नसतो. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना तेच स्पीकर पडद्याआड आणि समोर दाखवून अशा दोन्ही प्रकारे ऐकवले. स्पीकर दिसत असताना पसंती बदलल्या. म्हणून विकत घ्यायच्या आधी मित्राला कामाला लावावं. त्याने नाणं उडवून वस्तू लावायची किंवा काढायची, तुम्ही पाठमोरं बसून ओळखायचं, असं दहा वेळा. आवाजाच्या बटणाला मध्ये हात लावायचा नाही. निव्वळ अंदाजाने दहापैकी सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ३८ टक्के आहे, नऊ किंवा अधिक येण्याची फक्त १ टक्का. नऊ आले तर खुशाल पैसे मोजा.