पिक्सेल आर्टला आधी ड्रॉइंग यावंच लागतं, हा समज आला कुठून?

"मला ड्रॉइंग अजिबात येत नाही, मग पिक्सेल आर्ट जमेल का?" पिक्सेल आर्ट म्हणजे पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे छोटे चौकोनी ठिपके, एकेक करून भरत काढलेलं चित्र. नवीन शिकणारा जवळपास प्रत्येकजण हे विचारतो आणि उत्तरं मिळतात ती दोन टोकांची. एकजण म्हणतो ड्रॉइंगचा काही संबंध नाही, चौकोन तर भरायचेत, दुसरा म्हणतो आधी दोन वर्षं पेन्सिल हातात धर आणि मग ये. मला हे दोघंही खोटे वाटत नाहीत, पण दोघं पिक्सेल आर्टच्या दोन वेगळ्या काळांबद्दल बोलतायत आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा मागे जाऊन बघूया.

'पिक्सेल आर्ट' हा शब्द छापून आला १९८२ मध्ये, झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या अ‍ॅडेल गोल्डबर्ग आणि रॉबर्ट फ्लेगल यांच्या लिखाणात. काम मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं आणि ते करणारे बरेचसे लोक चित्रकार नव्हतेच. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स हा व्हिडिओ गेम घ्या. ताइतो कंपनीतले तोमोहिरो निशिकादो हे इंजिनिअर, त्यांनी हार्डवेअरही स्वतः बनवलं, प्रोग्रॅमही स्वतः लिहिला आणि ते एलियनही स्वतःच काढले. आधी त्यांनी विमानं, रणगाडे करून बघितले पण ते स्क्रीनवर नीट हलेनात, माणसांवर गोळ्या झाडणं बरोबर नाही म्हणून माणसंही गेली, मग राहिले परग्रहावरचे प्राणी. सगळ्या एलियनची उंची ८ पिक्सेल, सगळ्यात छोटा ८ बाय ८ म्हणजे एकूण ६४ चौकोन, त्यात डावी बाजू ठरली की उजवी तीच आरशातली, म्हणजे खरं तर ३२ चौकोनांचा निर्णय. त्यात हाताची सफाई लागत नाही, डोळा लागतो, की हा ठिपका ठेवला तर तो पाय वाटेल का आणि काढला तर काय वाटेल.

मग १९८१ मध्ये निन्टेन्डो कंपनीचा डाँकी काँग हा गेम आला. तो बनवणारे शिगेरू मियामोतो इंडस्ट्रियल डिझाइन शिकलेले, चित्र काढता येणारे, पण त्यांनाही त्या १६ बाय १६ च्या खिडकीत चित्रकला दाखवायला जागा नव्हती. गेममधल्या मारिओचे केस काढणं आणि उडी मारताना ते हलवणं अवघड, म्हणून टोपी घातली. नाकाखाली तोंड दाखवायला पिक्सेल नाहीत, म्हणून मोठी मिशी. धावताना हात अंगापासून वेगळे दिसेनात, म्हणून वेगळ्या रंगाचे डंगरी कपडे. मारिओचा चेहरामोहरा म्हणून आज आपण जे ओळखतो ते सगळं अडचणीतून काढलेल्या वाटा आहेत, एकही गोष्ट कागदावर छान दिसते म्हणून आलेली नाही!

आणि आता मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त आवडणारं उदाहरण, सुझन केअर. या तर रीतसर शिकलेल्या, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून फाइन आर्ट्समध्ये पीएचडी केलेली, शिल्पं बनवायच्या. शाळेपासूनचे मित्र अँडी हर्ट्झफेल्ड अ‍ॅपलमध्ये मॅकिंटॉशवर काम करत होते, त्यांनी विचारलं की आमच्या कॉम्प्युटरसाठी आयकॉन काढशील का. कॉम्प्युटर ग्राफिक्सचा अनुभव नव्हता, मग त्यांनी चौकटीचा कागद आणला आणि ३२ बाय ३२ चौकोन आखून, म्हणजे १०२४ चौकोन, नुसतं काळं-पांढरं भरायला सुरुवात केली. १९८४ च्या मॅकवरचा तो हसरा कॉम्प्युटर, बॉम्ब, हे असे तयार झाले. केअर या कामाची तुलना मोझॅइकशी आणि सुईकामाशी करायच्या, आणि मला वाटतं आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. फरशीचे तुकडे जोडून चित्र करणारे आणि कापडाच्या चौकटीवर टाके घालणारे लोक शेकडो वर्षं हेच करत आलेत, ठरलेल्या आकाराचे तुकडे, थोडे रंग, आणि लांबून बघितल्यावर आकार दिसला पाहिजे. ही पेन्सिलच्या रेषेपेक्षा वेगळी कला आहे.

मग ड्रॉइंग आधी शिका हे आलं कधीपासून? तर मेमरी वाढली तेव्हापासून. १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम मशीनवर एका स्प्राइटला, म्हणजे स्क्रीनवर हलणाऱ्या छोट्या चित्राला, एका वेळी ३ रंग मिळायचे आणि सगळं ८ बाय ८ च्या टाइलमध्ये, म्हणजे चौकोनी तुकड्यांमध्ये, बसवावं लागायचं, म्हणून तर १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडुपं एकच आकार आहेत, फक्त रंग बदललेत. त्याच १९८५ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर डॅन सिल्वा यांचा डिलक्स पेंट हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम आला, माऊसने थेट स्क्रीनवर रंगवता यायला लागलं, आणि १९९० मध्ये सुपर फॅमिकॉम आला तेव्हा ३२,७६८ रंगांतून २५६ एका वेळी दाखवता येत होते. एवढी जागा मिळाल्यावर स्टुडिओंना चित्रकार लागायला लागले हे उघडच आहे. मार्क फेरारी हे रंगीत पेन्सिलींनी फँटसी चित्रं काढणारे, ते लुकासफिल्मच्या गेम विभागात आले तेव्हा हातात फक्त १६ भडक रंग, मग त्यांनी दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून ठेवून डोळ्याला तिसरा रंग भासवायला सुरुवात केली, ज्याला डिथरिंग म्हणतात. सुरुवातीला त्याला नकार मिळाला कारण अशी चित्रं नीट कॉम्प्रेस होत नव्हती, म्हणजे साठवायला जास्त जागा लागायची, पण पुढे १९९० च्या लूम या गेममधली ती निळी रात्र याच पद्धतीने उभी राहिली. तिथे मात्र उजेड कुठून येतो, लांबचं फिकट का दिसतं, हे सगळं कागदावरून आलेलं ज्ञान होतं. ड्रॉइंगशिवाय काही खरं नाही असं जे लोक सांगतात ते या काळातल्या पिक्सेल आर्टकडे बघून सांगतात, आणि त्या कामापुरतं ते बरोबरच आहे.

मधली वाटही होती. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ च्या प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमसाठी आपल्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर घेतलं आणि एकेक फ्रेम गिरवून स्प्राइट केले, ती चाल आजही जिवंत वाटते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात थ्रीडी आलं आणि मोठ्या स्टुडिओंमधून पिक्सेल जवळजवळ हद्दपार झाले. परत आले ते एकेकट्या माणसांच्या हातून, आणि परत एकदा त्यात प्रोग्रॅमर मंडळी होती. दाइसुके अमाया यांनी २००४ मध्ये केव्ह स्टोरी हा गेम दिला, सुमारे ५ वर्षं एकट्याने बनवलेला, २०१६ मध्ये एरिक बॅरोन यांचा स्टारड्यू व्हॅली आला, हे कॉम्प्युटर सायन्स शिकलेले, चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्याचं. त्यांनी त्या पात्रांचे चेहरे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढले, जुने आणि नवे शेजारी ठेवून बघा, पिक्सेल आर्ट करता करताच चित्र काढायला शिकलेला माणूस दिसतो.

म्हणून मी नवीन माणसाला विचारतो की तुझा कॅनव्हास केवढा आहे. १६ बाय १६ वर किल्ली, मशरूम, औषधाची बाटली काढायची असेल तर आजच बस, आधीचं काही नको. तिथे शिकायच्या गोष्टी पिक्सेलच्याच आहेत, उदाहरणार्थ वळणदार रेषा, तिचे तुकडे ५, ३, २, १ पिक्सेलचे असे क्रमाने कमी होत गेले तर डोळा त्यावरून घसरत जातो आणि ५, १, ३, २ झाले की तीच रेषा दातेरी दिसते, हे कुठल्याही स्केचबुकात शिकायला मिळत नाही. ३२ वर माणूस उभा करायला लागलात की डोकं-धड-पायांचं प्रमाण कळायला लागतं, आणि ६४ च्या पुढे हात कोपरात वाकवायचा म्हटलं की ड्रॉइंग न येणं खरंच आडवं येतं, तिथे लपायला जागाच नसते.

मी स्वतः बरेच महिने सफरचंद काढताना कडेने गडद आणि मध्ये फिकट असं चारी बाजूंनी सारखं शेडिंग करायचो, याला पिलो शेडिंग म्हणतात, चांगला गोल आकार उशीसारखा फुगलेला दिसतो. ब्रश बदलले, पॅलेट बदलले, काही फरक पडेना. शेवटी एका रात्री टेबल लॅम्पखाली चहाचा कप ठेवला आणि नुसता बघत बसलो, उजेड डावीकडून वरून येतोय, सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नाहीये, कडेच्या थोडा आत आहे आणि कडेला टेबलावरून परत आलेला हलका उजेड आहे. मग स्क्रीनवर जाऊन उजव्या कडेचे चारच पिक्सेल एक शेड फिकट केले.