सोडत-निवड

राज्यकारभारातील पदे मतदानाने, वारशाने किंवा वरिष्ठांच्या नेमणुकीने न भरता पात्र व्यक्तींच्या नावांतून चिठ्ठी काढून भरण्याच्या पद्धतीला सोडत-निवड म्हणतात. या कृतीसाठी मराठीत ‘ईश्वरचिठ्ठी’ हा शब्द रूढ असून निवडणुकीत दोन उमेदवारांना समसमान मते पडली की तो हमखास कानी येतो. या नोंदीपुरता मात्र तो दिशाभूल करणारा आहे. कारण ज्या समाजांनी सोडत ही अडचणीच्या वेळची तोड म्हणून नव्हे, तर नित्याची कारभारपद्धती म्हणून स्वीकारली, त्यांचे नियम पाहिले तर त्यांत देवाचा कौल घेण्यापेक्षा माणसांचे हात बांधण्याचा हेतू ठळकपणे दिसतो. चिठ्ठीला माणसाची लायकी कळत नाही हे खरे; पण तिला वशिलाही कळत नाही, आणि ही पद्धत उचलणाऱ्यांनी दुसऱ्या गोष्टीसाठी पहिली पत्करली.

सोडतीचा सर्वांत व्यापक वापर प्राचीन अथेन्समध्ये झाला. इ. स. पू. ५०८–५०७ मधील क्लाइस्थेनीसच्या सुधारणांनी नागरिकांची दहा गटांत विभागणी केली आणि प्रत्येक गटातून ५० याप्रमाणे ५०० जणांचे मंडळ उभे राहिले. सर्व नागरिकांच्या सभेपुढे यायचे विषय ठरवणे, आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणे आणि परराष्ट्रांच्या वकिलांना सामोरे जाणे ही या मंडळाची कामे होती. लोकशाहीच्या भरभराटीच्या काळात त्याचे सदस्य सोडतीने ठरत. वयाची तिशी उलटलेली असावी लागे आणि आयुष्यात दोनहून अधिक वेळा सदस्य होता येत नसे. पुरुष नागरिकांची एकूण संख्या काही दशहजारांच्या घरातच असल्यामुळे त्यांतील बऱ्याच जणांच्या वाट्याला हे सदस्यत्व केव्हा ना केव्हा येई. मंडळाचा अध्यक्षही सोडतीनेच निवडला जाई, तोही अवघ्या एका दिवस-रात्रीपुरता. तेवढ्या वेळात कोषागाराच्या किल्ल्या आणि राज्याची मुद्रा त्याच्या ताब्यात असे, आणि तो मान त्याला पुन्हा कधीही मिळत नसे.

न्यायालयांसाठी दरवर्षी ६,००० नागरिकांची यादी तयार होई आणि कोणत्या दिवशी कोणी कोणत्या न्यायालयात बसायचे हे त्या दिवशी सकाळी ठरे. त्यासाठी ‘क्लेरोटेरिऑन’ नावाचे साधन वापरीत. हा एक उभा दगडी फलक असून त्यावर आडव्या-उभ्या ओळींत अरुंद खाचा कोरलेल्या असत. प्रत्येक इच्छुकाजवळ स्वतःचे नाव कोरलेली एक पट्टी असे. ती आधी काशाची आणि पुढे लाकडाची बनवीत. या पट्ट्या खाचांत बसवल्या की फलकाच्या कडेच्या नळीत वरून काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या एकत्र ओतल्या जात. खालून एकेक सोंगटी बाहेर पडे. पांढरी आली तर एका आडव्या ओळीतील सगळे जण निवडले जात. काळी आली तर त्या ओळीतल्या सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या घेऊन घरची वाट धरायची. न्यायाधीश कोण असणार हे खटला उभा राहण्याच्या काही क्षण आधीपर्यंत कोणालाच ठाऊक नसल्यामुळे आदल्या रात्री लाच द्यायची तर कोणाला, असा प्रश्न देणाऱ्यापुढेच उभा राही. या यंत्रणेचे तपशीलवार वर्णन अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात येते. ईजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरून तो ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी ‘क्लेरोटेरिऑन’ म्हणजे सोडतीची खोली असावी, असा समज काही काळ टिकून होता. स्टर्लिंग डाउ या अभ्यासकाने १९३० च्या दशकात उत्खननातले खाचांचे दगड आणि ग्रंथातला मजकूर यांची सांगड घातली, तेव्हा या साधनाचे खरे रूप स्पष्ट झाले.

अथेन्सने सगळीच पदे चिठ्ठीवर सोपवली नव्हती, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. दहा सेनापती हात वर करून मतदानाने निवडले जात आणि त्यांना कितीही वेळा पुन्हा निवडून येता येई. पेरिक्लीस या नेत्याचे दीर्घकाळचे वर्चस्व याच पदावर उभे होते. जेथे कसबावाचून चालणार नाही तेथे मतदान आणि जेथे सामान्य समज व सचोटी पुरेशी आहे तेथे सोडत, अशी ही वाटणी होती. शिवाय सोडतीत नाव निघालेल्या माणसाची पदावर बसण्यापूर्वी जाहीर छाननी होई आणि पद सोडताना त्याला पै-पैचा हिशेब द्यावा लागे.

तत्त्वज्ञांना ही पद्धत फारशी रुचली नाही. सॉक्रेटीसचा शिष्य झेनोफन याने दिलेल्या वृत्तानुसार सॉक्रेटीसवर एक आक्षेप असा होता की, नावाड्याला, सुताराला किंवा बासरीवादकाला कोणी चिठ्ठी टाकून नेमत नाही, मग राज्याचे अधिकारी तसे नेमणे हा मूर्खपणा नव्हे काय, असे तो तरुणांना विचारी. युक्तिवाद सडेतोड वाटतो, पण राज्य चालवणे हे नाव वल्हवण्यासारखे एकच एक कसब आहे, हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे. दुसरीकडे, खुद्द सॉक्रेटीस सोडतीच्या या मंडळाचा सदस्य होता. आर्गिन्यूसीच्या आरमारी लढाईनंतर इ. स. पू. ४०६ मध्ये सेनापतींवर एकत्रित खटला चालवण्याचा बेकायदेशीर ठराव आला, तेव्हा त्याला विरोध करण्याची संधी त्याला मिळाली ती याच सदस्यत्वामुळे. प्लेटोने सोडत आणि समतेचा अतिरेक यांचा संबंध जोडून लोकशाहीची टर उडवली. अ‍ॅरिस्टॉटलने अधिक थंडपणे नोंदवले की, सोडतीने पदे देणे हे लोकशाहीचे लक्षण मानले जाते आणि मतदानाने देणे हे अल्पजनसत्तेचे. आज निवडणूक आणि लोकशाही हे शब्द समानार्थी झाल्यामुळे हे वाक्य उलटे छापले गेले की काय, असे वाटते. पण त्यामागचा विचार सरळ आहे. मतदार निवड करतो ती कोणत्या तरी बाबतीत आपल्याहून वरचढ वाटणाऱ्याची, आणि तसे वाटावे यासाठी लागणारी साधने थोड्यांच्याच हाती असतात.

सोडतीचे खरे राजकारण मात्र चिठ्ठी काढताना घडत नाही, ते मडक्यात कोणाकोणाच्या चिठ्ठ्या टाकायच्या हे ठरवताना घडते. अथेन्सच्या सोडतीतून स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी मुळातच वगळलेले होते. तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथील मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकिर्दीतले, इ. स. ९१९ व ९२१ च्या सुमाराचे लेख आहेत. त्यांत ब्राह्मणवस्तीच्या त्या गावाची ३० प्रभागांत विभागणी करून वार्षिक समिती, बागांची समिती, तळ्यांची समिती वगैरे समित्यांचे सदस्य ‘कुडवोलै’, म्हणजे मडक्यातील ताडपत्र, या पद्धतीने कसे निवडायचे ते सांगितले आहे. सभेपुढे मडके उचलून दाखवायचे. आत काय आहे हे न कळणाऱ्या लहान मुलाने ताडपत्र काढायचे. आणि ते हाती घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटे फाकवलेल्या उघड्या तळव्यावर ते घ्यायचे, इतका बारकावा त्यात आहे. बोटांची हीच एक अट त्या काळच्या हातचलाखीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. पण मडक्यात ज्याचे नाव पडायचे त्याच्याजवळ करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर आणि वेदविद्या असावी लागे. दुसऱ्या लेखानुसार त्याचे वय ३५ ते ७० च्या दरम्यान असावे लागे. पूर्वी समितीवर राहून हिशेब न दिलेला माणूस आणि त्याचे नातेवाईकही बाद ठरत.

फ्लॉरेन्समध्ये १३२८ पासून पात्र ठरलेल्यांची नावे चामडी पिशव्यांत ठेवून त्यांतून दर दोन महिन्यांनी नवे शासनमंडळ काढले जाई. शहरावर वर्चस्व मिळवणाऱ्या मेदिची घराण्याने १४३४ नंतर ही पद्धत रद्द केली नाही, कारण त्याची गरजच नव्हती. पिशव्या भरणारे अधिकारी आपल्या मर्जीतले ठेवले आणि वरिष्ठ पदांच्या पिशव्यांत मोजकीच नावे पडू दिली, की सोडत सोडतच राहून निकाल हाती येई. व्हेनिसने उलट टोक गाठले. तेथे १२६८ पासून प्रमुखाच्या, म्हणजे डोजच्या, निवडीसाठी सोडत आणि मतदान आलटून पालटून योजले जाई. चिठ्ठीने ३० जण काढून त्यांतून चिठ्ठीनेच ९ ठेवायचे, त्या ९ जणांनी ४० निवडायचे, ते सोडतीने १२ वर आणायचे, त्यांनी २५ निवडायचे, ते ९ वर, त्यांनी ४५, ते ११ वर आणि त्या ११ जणांनी निवडलेल्या ४१ जणांनी अखेर डोज ठरवायचा. वाचणाऱ्याला भोवळ यावी अशी ही रचना १७९७ मध्ये प्रजासत्ताक कोसळेपर्यंत चालली. शेवटची निवड कोणाच्या हाती जाणार हे आधी हेरणे तीत जवळजवळ अशक्य होते.

फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ मध्येही सोडत ही लोकशाहीला आणि निवडणूक ही उमरावशाहीला साजेशी असल्याचे लिहिले होते. तरीही त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये नव्या राज्यघटना घडल्या तेव्हा ज्यूरी, म्हणजे खटल्यात निर्णय देणारे नागरिकांचे मंडळ, वगळता सोडतीला कोठेही जागा मिळाली नाही. याचे पटण्याजोगे कारण असे की, तोवर सत्तेची वैधता शासितांच्या संमतीतून येते हा विचार सर्वमान्य झाला होता. मत देणे ही संमती ठरते; पण चिठ्ठी निघालेल्या माणसाला संमती कोणी दिली, याचे उत्तर देता येत नाही.

सोडतीला नवे बळ मिळाले ते गणितातून. फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक ज्यूरर स्वतंत्रपणे विचार करून १०० पैकी ६० वेळा बरोबर ठरत असेल, तर अशा १०१ जणांचे बहुमत सुमारे ९८ टक्के वेळा बरोबर ठरेल. हेच प्रमाण ४० असेल, तर बहुमत जवळजवळ नेहमी चुकेल. त्याच्या प्रमेयाचा हा दुसरा अर्धा भाग उत्साहाच्या भरात सहसा सांगितला जात नाही. पुढे नमुना-पाहणीचे शास्त्र उभे राहिले. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत एका साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा करूनही लँडन हे उमेदवार निवडून येतील असे भाकीत केले, तर त्याच्या मानाने फारच लहान नमुना घेणारे जनमत-पाहणीकार गॅलप यांनी विजयी ठरलेल्या रूझवेल्ट यांचे नाव अचूक सांगितले. नमुना किती मोठा यापेक्षा तो कसा निवडला हे महत्त्वाचे, हा धडा तेव्हापासून पक्का झाला. निम्म्या स्त्रिया असलेल्या मोठ्या लोकसंख्येतून १०० नावे निव्वळ चिठ्ठीने काढली, तर सुमारे ९६ टक्के वेळा स्त्रियांची संख्या ४० ते ६० च्या दरम्यान येते. पण लोकसंख्येत फक्त १ टक्का असलेल्या गटाचा एकही माणूस त्या शंभरांत नसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. त्यामुळे आजच्या सोडतीत आधी वय, लिंग, प्रदेश, शिक्षण यांनुसार स्तर, म्हणजे गट, पाडून प्रत्येकाचे प्रमाण ठरवून घेतात.

अशा निवडीतून बनलेल्या नागरिक-सभांनी गेल्या काही दशकांत प्रत्यक्ष निर्णयांवर परिणाम केला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००४ मध्ये १६० नागरिकांकडून नव्या मतदानपद्धतीचा प्रस्ताव घेतला. २००५ च्या सार्वमतात त्याला ५७ टक्क्यांहून अधिक मते पडली, पण ६० टक्क्यांची अट असल्याने तो बारगळला. आयर्लंडमध्ये ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष असलेल्या सभेने गर्भपातावरील घटनात्मक बंदी हटवण्याची शिफारस केली आणि मे २०१८ मधील सार्वमतात सुमारे ६६ टक्के मतदारांनी ती उचलून धरली. पक्षांना जो विषय हाताळण्याची धास्ती वाटते तो पुढे सरकवण्यास या सभा उपयोगी पडतात. निकालावर शिक्का मात्र मतदारांचा किंवा संसदेचाच लागतो, आणि संमतीचा जुना प्रश्न अशा रीतीने बाजूने सुटतो. बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशाने मात्र २०१९ मध्ये २४ नागरिकांची कायमस्वरूपी परिषदच स्थापन केली.

मडक्यात कोण, हा प्रश्न येथेही सुटलेला नाही. आमंत्रणाची पत्रे हजारो घरी जातात आणि थोडेच लोक होकार कळवतात. ज्यांना वेळ आहे आणि राजकारणात रस आहे असे शिकलेले लोक त्यांत साहजिकच अधिक असतात. स्तरांचे प्रमाण साधण्यासाठी मग कमी शिकलेल्या होकारार्थींना निवडून येण्याची संधी इतरांहून बरीच जास्त मिळते. ही विषमता शक्य तितकी कमी ठेवणारी गणिती कार्यपद्धती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत संगणक अटींत बसणारे एक हजार गट तयार करतो, त्यांना ००० ते ९९९ असे क्रमांक देता येतात आणि त्यांतील एक क्रमांक सर्वांसमक्ष गोळ्यांच्या यंत्रातून एकेक अंक करून काढता येतो.